दीर्घकालीन क्रीडाविकास (भंडारा जिल्हा)

मुलामुलींच्या खेळात तात्काळ विजयापेक्षा शरीर, कौशल्य आणि खेळाची गोडी यांच्या अनेक वर्षांच्या जडणघडणीला अग्रक्रम देणारी प्रशिक्षणपद्धती. कॅनडात काम केलेले क्रीडातज्ज्ञ इस्तवान बायी यांनी १९९० च्या दशकात तिची वयानुरूप टप्प्यांत मांडणी केली.

स्पर्धांची रचना : भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे जिल्ह्याचे सात तालुके. येथील शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशी त्यांची चढण आहे. सांघिक सामने बाद पद्धतीने खेळवले की पहिलाच सामना हरलेल्या शाळेचा त्या खेळातला हंगाम तिथेच संपतो. ज्यांना सामन्यांच्या सरावाची सर्वाधिक गरज, त्यांनाच तो सर्वांत कमी मिळतो. जिंकण्याच्या ओढीमागे ठोस कारणेही आहेत. दहावी-बारावीत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरभरतीत त्यांच्यासाठी ५ टक्के आरक्षण आहे. धानशेतीवर जगणाऱ्या घराला प्रमाणपत्राचे मोल कळते. त्यात गैर काही नाही.

वाढीचे वय : मुलींची उंची साधारण बाराव्या, तर मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते, पण प्रत्येकाची वेळ निराळी असते. १४ वर्षांखालील गटात एकाच जन्मसालाच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचेही अंतर आढळते. जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते. अशा वेळी केवळ निकाल पाहून निवड केली, तर लवकर वाढलेल्याला गुणी ठरवले जाते आणि उशिरा वाढणारा मैदान सोडतो. वय लपवून मुलांना खालच्या गटात खेळवण्याच्या अपप्रवृत्तीचे मूळही याच घाईत आहे.

उदाहरणे : कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले. वर्षभराच्या शारीरिक तयारीनंतर त्यांनी नेमबाजी निवडली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. प्रवेशापासून पदकापर्यंत सुमारे १५ वर्षे गेली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू म्हणून घडले, २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळले आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकाचे मानकरी ठरले. विसाव्या वर्षानंतरही खेळाडू घडतो, हे त्यांच्या वाटचालीतून सिद्ध होते. नॉर्वेने १९८७ मध्ये बालक्रीडेचे नियम केले. तेथे मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत गुणतक्ते व क्रमवारी लावत नाहीत आणि तेराव्या वर्षापूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही घेत नाहीत.

जिल्ह्यातील उपयोजन : या पद्धतीसाठी महागड्या साधनांची गरज नाही. आट्यापाट्या, खो-खो, कबड्डी व लंगडी या खेळांतून चपळाई, दमसास आणि तोल तयार होतो. म्हणून बाराव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला न जुंपता मुलांना हे सारे खेळू द्यावे. तालुका पातळीवर बाद पद्धतीऐवजी लहान गटांची साखळी ठेवली, तर हरलेल्या संघालाही आणखी सामने मिळतात. धाव, उडी व फेक यांची ठरावीक काळाने नोंद ठेवल्यास प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागील कामगिरीशी करता येते. राखीव खेळाडूंनाही मैदानात उतरवणे हे क्रीडाशिक्षकाचे कर्तव्य मानावे, आणि शाळेने त्याचे काम केवळ चषकांवरून जोखू नये.

मूल्यमापन : १४ वर्षांखालील गटात उतरलेल्या मुलामुलींपैकी किती जण १९ व्या वर्षीही खेळत आहेत, हा या पद्धतीचा खरा निकष होय. पदके थोड्यांनाच मिळतात. निरोगी शरीर आणि खेळण्याची सवय मात्र प्रत्येक मुलाला मिळू शकते, आणि ती देणे हे शालेय क्रीडेचे पहिले काम आहे.