सार्वजनिक उद्यान आणि दात्यांचा शोध

रुग्णालयास पैशाची गरज पडली म्हणजे त्याचे चिटणीस बऱ्या होऊन घरी गेलेल्या रुग्णांची वही उघडतात. विद्यापीठ आपल्या पदवीधरांची यादी काढते. देवस्थानाच्या पुजाऱ्यास तर उत्सवाला कोण येतो आणि ताटात काय ठेवतो हे तोंडपाठ असते. सार्वजनिक बागेची गोष्ट निराळी आहे. तिच्या दारावर कोणी कोणाचे नाव विचारीत नाही. चाळीस वर्षे रोज सकाळी एकाच झाडाखालून जाणारा मनुष्य एके दिवशी येईनासा होतो, आणि बागेच्या कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नसते. अशा बागेसाठी हात पसरावयाचा तो कोणापुढे? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवर हा प्रश्न सोडविण्याची पाळी आली, आणि त्यातून दात्यांचा शोध घेण्याची विद्या बागेच्या दारी आली.

मॅनहॅटन बेटाच्या मधोमध ८४३ एकरांवर हे उद्यान पसरले आहे. जमीन घेण्याचा कायदा १८५३ साली झाला, आणि १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा स्पर्धेत पहिला ठरला. ती भूमी काही ओसाड नव्हती. तिच्या पश्चिम अंगास सेनेका व्हिलेज नावाची वसाहत होती. तेथे कृष्णवर्णीय कुटुंबांची स्वतःच्या मालकीची घरे, तीन प्रार्थनामंदिरे आणि एक शाळा होती. १८५७ साल संपण्यापूर्वी ती सारी उठविण्यात आली. जमिनीच्या किमतीचा सुमारे एक तृतीयांश भाग भोवतालच्या जमीनमालकांवर खास आकारणी बसवून वसूल केला गेला, कारण उद्यान झाले की त्यांच्या जमिनीचे मोल चढणार हे उघड होते. शेजारच्या श्रीमंताचा आणि उद्यानाचा हिशेब असा पहिल्या दिवसापासून एकाच वहीत मांडलेला आहे. पुढील सर्व कथेचे बीज येथेच आहे.

शंभर वर्षांहून अधिक काळ उद्यानाचा खर्च नगरपालिकेच्या तिजोरीतून चालला. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले, आणि कात्री प्रथम लागली ती बागांना. दंगा न करणाऱ्याचे अन्न आधी काढून घ्यावे, हा सरकारी काटकसरीचा जुनाच नियम आहे. ‘शीप मेडो’ या नावाजलेल्या हिरवळीची धूळ झाली, पुतळ्यांवर रंगाचे फराटे उमटले, आणि अंधार पडल्यावर शहाणा मनुष्य आत पाऊल घालीनासा झाला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७४ मध्ये, रिचर्ड गिल्डर आणि जॉर्ज सोरोस या दोन धनिकांनी उद्यानासाठी एक निधी उभा केला. त्या निधीच्या खर्चाने ई. एस. सावास यांनी उद्यानाच्या कारभाराची तपासणी करून १९७६ साली अहवाल दिला. उद्यानास एक जबाबदार अधिकारी हवा आणि त्याच्या पाठीशी नागरिकांचे पालकमंडळ हवे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे उद्यान-आयुक्त गॉर्डन डेव्हिस यांनी १९७९ साली एलिझाबेथ बार्लो या विदुषींस उद्यानाच्या प्रशासक नेमले, आणि १९८० मध्ये ‘सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी’ हे संरक्षक मंडळ स्थापन झाले. विल्यम बायनेके हे उद्योगपती त्याचे पहिले अध्यक्ष झाले. उद्यान शहराच्याच मालकीचे राहिले. त्याची निगा मात्र हळूहळू मंडळाकडे आली, आणि १९९८ साली तसा रीतसर करारही झाला.

मंडळाजवळ आराखडे होते, माळी मिळण्यासारखे होते. नव्हता तो दात्यांचा पत्ता. येथे दातृसंशोधकाच्या कामाचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. हा मनुष्य देणगी मागावयास जात नाही. तो मागणाऱ्याच्या हाती एक टिपण देतो: अमुक गृहस्थ किती देऊ शकतील, ते आपल्याला का देतील, आणि त्यांच्याकडे कोणी जावे. अमेरिकेत या कामाला शिस्त आली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या निधीची मोहीम जॉन प्राइस जोन्स या पूर्वाश्रमीच्या वार्ताहराने चालविली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कात त्याने याच कामाची पेढी काढली. आधी माहिती, मग मागणी, असा त्याचा क्रम होता. वार्ताहराची सवय त्याला येथे उपयोगी पडली असल्यास नवल नाही.

पुढे कायद्यांनीच या संशोधकाचे दप्तर भरून दिले. कंपन्यांच्या संचालकांनी आपल्या कंपनीतील स्वतःचे भाग जाहीर करावेत असे १९३४ च्या कायद्याने ठरविले. धर्मादाय निधींच्या माहितीसाठी १९५६ साली न्यूयॉर्कात एक स्वतंत्र ग्रंथालय निघाले. या निधींची वार्षिक विवरणपत्रे लोकांस पाहावयास मिळू लागली, आणि १९६९ च्या करकायद्याने त्यांवरील बंधने अधिक कडक झाली. निवडणुकीतील देणग्यांची नोंद उघड, घरांच्या खरेदीखतांची नोंद उघड. संग्रहालयांच्या वार्षिक अहवालात दात्यांची नावे रकमेच्या उतरंडीने छापलेली असतात. तीही याच्या कामास येतात. कायदे झाले होते लबाडी उघडकीस आणण्यासाठी. त्यांच्या आधाराने औदार्याचाही माग काढता येतो हे मागाहून लक्षात आले.

परंतु या सर्व कागदांवरून कळते ते एवढेच की मनुष्याजवळ धन किती आहे. नवखा संशोधक येथेच थांबतो आणि लखपतींची लांबलचक यादी करून समाधान मानतो. शहरातील प्रत्येक संस्थेजवळ तीच यादी असते! जो अनेकांचा शोध-विषय झाला आहे तो बहुधा कोणाचाच दाता होत नाही. खरे अवघड काम आहे ते ओढ ओळखण्याचे. आणि उद्यानाच्या बाबतीत ते दुप्पट अवघड, कारण उद्यानावरील प्रेमाची पावती कोठेच फाडलेली नसते.

मग या प्रेमाच्या खुणा कोठे शोधावयाच्या? पहिली खूण खिडकीची. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि सेंट्रल पार्क वेस्ट या दोन रस्त्यांवरील घरांच्या खिडक्या उद्यानावर उघडतात. गायक जॉन लेनन हे अशाच एका इमारतीत, डाकोटामध्ये, राहत. १९८० च्या डिसेंबरात तिच्याच दाराशी त्यांची हत्या झाली. त्यांच्या पत्नी योको ओनो यांनी दहा लक्ष डॉलर्स दिले, आणि समोरच्या उद्यानातील ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ हा भाग ९ ऑक्टोबर १९८५ रोजी लेनन यांच्या स्मृतीस वाहिला गेला. दुसरी खूण जुन्या संबंधाची. १९९३ साली एक कोटी सत्तर लक्ष डॉलर्स देऊ करणारे, आणि तितकेच शहराने व तितकेच इतर दात्यांनी घालावेत अशी अट घालणारे गृहस्थ कोण, तर १९७४ चे तेच रिचर्ड गिल्डर. एकोणीस वर्षांपूर्वीचे पहिलेच नाव येथे सर्वांत मोठे ठरले. तिसरी खूण बालपणाची. २०१२ साली जॉन पॉलसन यांनी दहा कोटी डॉलर्स दिले, त्यांतील निम्मे कायम निधीसाठी. सार्वजनिक उद्यानास एवढी देणगी तोवर कोणी दिली नव्हती. त्यांची संपत्ती वर्तमानपत्रे वाचणाऱ्या कोणासही ठाऊक होती. पण आपले पोरवयातले दिवस बेथेस्डा कारंज्याच्या काठी गेले, ही गोष्ट कोणत्याही सरकारी दप्तरात सापडण्यासारखी नव्हती. ती त्यांच्याच तोंडून ऐकावी लागते, आणि त्यासाठी कोणीतरी त्यांच्याबरोबर बागेत फिरावे लागते.

मंडळाने आणखी एक युक्ती केली, आणि ती सर्वांत चतुर म्हणावी लागेल. १९८६ पासून उद्यानातील बाके देणगी देणाऱ्याच्या नावे करण्यास आरंभ झाला. उद्यानात नऊ हजारांहून अधिक बाके आहेत. त्यांवरील धातूच्या पट्ट्यांवर कोणी मृत आईचे नाव कोरले आहे, कोणी लग्नाची तारीख, कोणी कुत्र्याचेही नाव. हिशेबनीस त्यात रक्कम पाहील. पण ज्या उद्यानास वही नव्हती त्यास या बाकांनी वही मिळवून दिली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महिला समितीची टोप्या घालून येण्याची वार्षिक मेजवानीही अशीच एक वही होय. तेथे केवळ टोप्या पाहावयास जाणाऱ्यांनी अर्धेच पाहिले!

या धंद्यात एक बोच आहे. मनुष्याच्या घराची किंमत, विवाह, वारसा, हे सारे त्याच्या नकळत टिपून ठेवावयाचे म्हणजे काय? संशोधकांनाही ती जाणवली. १९८७ साली त्यांची राष्ट्रीय संघटना झाली आणि तिने आचारनियम केले. १९९३ च्या सुमारास दात्यांच्या हक्कांची सनद निघाली. आपल्या देणगीची माहिती आदराने व गुप्ततेने सांभाळली जावी, हा हक्क तीत आहे. जे टिपण खुद्द त्या गृहस्थांस दाखविण्याची लाज वाटेल ते लिहू नये, अशी कसोटी जाणते लोक लावतात.

याहून मोठी बोच दुसरी आहे. ज्या उद्यानावर श्रीमंतांच्या खिडक्या उघडत नाहीत त्याचे काय? ब्राँक्समधील अथवा ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतील बागेवर प्रेम करणारे कमी नाहीत, परंतु त्यांची नावे संचालकांच्या यादीत नसतात. पॉलसन यांच्या देणगीनंतर हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. २०१३ साली न्यूयॉर्क राज्याच्या सेनेटमधील सभासद डॅनियल स्क्वाड्रन यांनी असा प्रस्ताव मांडला की, धनाढ्य उद्यानमंडळांनी आपल्या खर्चाच्या वीस टक्के रक्कम गरीब उद्यानांस द्यावी. दाता विशिष्ट झाडांसाठी देतो, त्याचा पैसा दुसरीकडे वळविला तर तो देणेच थांबवील, असे विरोधकांचे म्हणणे पडले. ते अगदी खोटे नव्हते. ज्याने ओढ हेच देणगीचे मूळ मानले त्यास ते नाकारताही येत नाही. प्रस्तावाचा कायदा झाला नाही.

उद्यानाच्या आतमात्र पैसा उत्तरेकडे सरकला आहे. हार्लेमच्या बाजूचा तलाव, हार्लेम मीर, १९९३ साली दुरुस्त झाला. २०२५ साली त्याच्याच काठी पोहण्याचा तलाव आणि हिवाळी घसरपट्टीचे मैदान असलेली नवी वास्तू उघडली. तिच्या खर्चाचा मोठा भाग मंडळाने देणग्यांतून उभा केला, उरलेला शहराने घातला. उन्हाळ्यात त्या तलावावर हार्लेमची मुले पोहावयास येतात, आणि त्यांस प्रवेशाचे शुल्क पडत नाही.