संगम माहुली : नदीकाठच्या राण्या



दिवाळी झाली, कामं थोडी हातावेगळी झाली, की आपल्या बचत गटांमध्ये सहलीची बोलणी सुरू होतात. बारामती-इंदापूरकडच्या बायकांची सहल साताऱ्याला निघाली, की यादी ठरलेली असते : सज्जनगड, अजिंक्यतारा, ठोसेघरचा धबधबा, वेळ उरला तर कास. या यादीत आज एक ठिकाण वाढवायला सांगणार आहे. ते म्हणजे संगम माहुली. साताऱ्याच्या पूर्वेला, शहरापासून अगदी जवळ, कृष्णा आणि वेण्णा या नद्या जिथे मिळतात ते हे ठिकाण.

माहुलीला लोक देवळं बघायला जातात. काठावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी सुमारे १७३५ साली बांधलं. न्यायासाठी नाव झालेले रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. पण देवळांइतकंच महत्त्वाचं आहे ते खालचं वाळवंट आणि घाट. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यातल्या माणसांचे अंत्यसंस्कार इथे होत, आणि त्यांच्या समाध्याही इथेच आहेत. साध्या शब्दांत सांगायचं तर ही राजघराण्याची स्मशानभूमी.

स्मशान म्हटलं की आपल्यातल्या काही जणी दचकतील. बाईमाणसानं तिथे जायचं नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण जिथे आपण जायचं नाही, तिथेच आपल्यासारख्या बायकांचा इतिहास दगडात उभा असेल तर तो वाचायचा कुणी?

माहुलीतल्या तीन राण्यांची गोष्ट सांगते.

पहिल्या महाराणी येसूबाई, संभाजी महाराजांच्या पत्नी. १६८९ साली महाराजांची हत्या झाली आणि रायगडाला मोगलांचा वेढा पडला. स्वतःचा मुलगा शाहू सात वर्षांचा होता. येसूबाईंनी त्याला गादीवर बसवण्याचा हट्ट धरला नाही. दीर राजाराम महाराजांना पुढे करून गडाबाहेर सुखरूप काढलं आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. त्याच वर्षी रायगड पडला आणि दोघं कैद झाले. शाहू महाराज १७०७ साली सुटले, पण येसूबाईंना मोगलांनी ओलीस ठेवलं. त्या साताऱ्याला परतल्या १७१९ साली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं कैदेत! नव्या सुनेची नातवंडं खेळायला लागावीत, एवढा हा काळ.

दुसऱ्या महाराणी ताराबाई. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक, तळबीडची. १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. कडेवर लहान मूल आणि समोर औरंगजेब. त्या रडत बसल्या नाहीत. पुढची सात वर्षं त्यांनी राज्य चालवलं, सरदारांना मोहिमांवर धाडलं, आणि शेवटी औरंगजेबच १७०७ साली इथल्याच मातीत संपला. पुढे घरातली भांडणं, गादीचे वाद, पन्हाळ्यावर नजरकैद, सगळं त्यांनी भोगलं. कधी जिंकल्या, कधी हरल्या, कधी हट्टानं चुकल्याही. ९ डिसेंबर १७६१ रोजी साताऱ्यात वारल्या तेव्हा वय शहाऐंशी होतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला झालेल्या पानिपताची बातमीही त्यांनी ऐकली होती.

तिसऱ्या सकवारबाई, शाहू महाराजांच्या राणी. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले आणि सकवारबाई सती गेल्या. पुढच्या वारसाबद्दल त्यांचा कारभाऱ्यांशी वाद चालू होता. त्या स्वतःहून गेल्या, की राजकारणात अडचण नको म्हणून त्यांना त्या वाटेवर ढकललं, यावर इतिहासकार आजही भांडतात. राणीलासुद्धा ‘नाही’ म्हणायची मुभा होती की नाही, असा प्रश्न पडतो. मग गावातल्या साध्या बाईचं काय झालं असेल?

या तिघी डोळ्यांसमोर ठेवा आणि आता हे ऐका. माहुलीला एका कुत्र्याचीही समाधी आहे. शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला पालखीचा मान होता, असं सांगतात. इमानी जनावराची आठवण ठेवली, यात वाईट काही नाही. पण ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक, आणि तीस वर्षं कैद सोसणाऱ्या येसूबाईंची समाधी नेमकी कोणती, हे मात्र कितीतरी काळ लोकांच्या आठवणीत नव्हतं. अलीकडच्या वर्षांत अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे ती शोधली. ताराबाईंची समाधीही साधी, नदीच्या पाण्यानं झिजलेली. मैत्रिणींनो, दगड झिजतो त्याआधी आठवण झिजते.

आपल्याकडेही बघा. इंदापूरच्या लढाईत शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे पडले, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्यामागे दोन लहान मुलांना वाढवणाऱ्या उमाबाई, फलटणच्या निंबाळकरांची लेक, किती जणींना आठवतात? बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या भावाला दिलेली भिऊबाई ही थोरल्या बाजीरावांची सख्खी बहीण, हे गावात विचारून बघा. सोलापूर रस्त्यानं पुण्याला जाताना थेऊरला गणपतीचं दर्शन घेतो. तिथेच १७७२ साली माधवराव पेशवे वारले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांचं स्मारक नदीकाठी आहे.

आणि गावाच्या वेशीजवळचे, मारुतीच्या देवळापाशी मांडलेले जुने दगड? ज्यावर लढाई, वर अप्सरा आणि सगळ्यात वर शिवपिंड कोरलेली असते, तो वीरगळ, लढताना मेलेल्या माणसाचा. ज्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आणि चंद्र-सूर्य असतात, तो सतीशिळा. त्या बांगड्यांच्या हाताला आपण हळदकुंकू वाहतो. बहुतेक दगडांवर त्या बाईचं नाव नसतं. सतीबंदीचा कायदा बंगालमध्ये १८२९ साली आणि लगेच नंतर आपल्या मुंबई इलाख्यात झाला, त्याआधीच्या अशा किती बायका! त्या जळण्याचं कौतुक करण्यासाठी नाही, तर त्या होत्या हे विसरू नये म्हणून तो दगड जपायचा. सती न जाता मागे राहून राज्य उभं करणाऱ्या जिजाऊ आणि राज्य राखणाऱ्या ताराबाई याही आपल्याच.

तेव्हा सहल काढाल तर माहुलीला हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जा. पावसाळ्यात पाणी घाटावर चढतं, खालच्या समाध्या दिसत नाहीत. समाधीवर बसून डबा उघडू नका, चौथऱ्यावर चपला नेऊ नका, दगडाला तेल-शेंदूर फासू नका, त्यानं कोरीवकाम बुजतं. सोबत एखादी शिकलेली मुलगी घ्या आणि पाट्या मोठ्यानं वाचायला लावा.

परत आल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. हिशेबाची वही मिटण्याआधी शेवटच्या पानावर प्रत्येकीनं आपल्या आजीचं आणि पणजीचं नाव लिहायचं, माहेरच्या नावासह. ज्यांना पणजीचं नाव सांगता येणार नाही, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच संध्याकाळी विचारायचं. ते माणूस आहे तोवरच हे काम होण्यासारखं आहे.