मुक्काम सांगानेर : जयपूरची सहल आणि १० जानेवारी १७५१

दिवाळी संपली की मला फोन यायला लागतात. पुण्याहून, इंदूरहून, बडोद्याहून, बेळगावहून. "काका, आम्ही जयपूरला येतोय, चार दिवस आहेत, मुलं बरोबर आहेत, काय काय बघू?" मी सांगानेरला राहतो, विमानतळ इथेच आहे, त्यामुळे हा प्रश्न मला चुकत नाही. म्हणून आजच्या भागात ही सहल आपण नीट आखू. आमेर, हवामहल, जंतरमंतर तर बघायचंच. पण मराठी माणसाने जयपूर बघताना आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी आपलीच माणसं हे शहर बघायला आली होती, आणि त्यातली हजारो परत गेली नाहीत.

फौजेत एक साधा नियम असतो. आधी मुक्काम ठरवायचा, मग हालचाल. सांगानेर हा चांगला मुक्काम आहे. जुन्या शहराच्या दक्षिणेला बारा-पंधरा किलोमीटरवर. इथून जयपूरच्या तटात शिरायची जी जुनी वेस, तिचं नावच सांगानेरी गेट. गाव जयपूरपेक्षा जुनं आहे. जयपूर वसलं १७२७ साली. सांगानेर त्याच्या दोनशे वर्षं आधीचं, कछवाहा घराण्यातल्या सांगाच्या नावाचं.

पहिला अर्धा दिवस गावातच काढा. संघीजींचं जुनं जैन मंदिर, त्याची दगडी शिखरं. मग छिप्यांचे कारखाने. पांढऱ्या कापडावर बारीक बुट्टी, लाकडी ठसा हातोहात उमटवलेला, ही सांगानेरी छपाई. मुलांना एकदा ठसा हातात धरू द्या, किती जड असतो ते कळू द्या. मग हातकागद बनवणाऱ्या कागजी लोकांकडे जा. चिंध्यांच्या लगद्यातून कागद कसा उचलतात ते मुलं तासभर बघत बसतात, हा माझा अनुभव आहे. इथे एक गोष्ट नेहमी सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगल-मराठ्यांच्या लढायांमुळे गुजरातेतले छपाईवाले आपलं बस्तान उचलून इकडे आले, आणि सांगानेरची छपाई त्यांनी वाढवली. म्हणजे आपल्या इतिहासाची एक बाजू इथल्या कापडावर आहे. आपण सुरतेची लूट शाळेत शिकतो. धामधुमीच्या मुलखातल्या कारागिराचं काय झालं, ते शिकत नाही.

दुसरा दिवस तटाच्या आतल्या शहराचा. सकाळी लवकर निघा. ऊन चढायच्या आत जंतरमंतर, मग गोविंददेवजींचं मंदिर आणि जयनिवास बाग, जेवण, आणि दुपारनंतर त्रिपोलिया बाजार. त्या बाजाराजवळ एक उंच सात मजली मनोरा दिसेल. त्याला ईसरलाट म्हणतात, सरगासूलीही म्हणतात. वर चढायला मिळतं का, हे त्या दिवशी विचारून घ्या. चढता आलं नाही तरी खाली उभं राहून मुलांना पुढची हकीकत सांगा.

सुरुवात मात्र चांगल्या आठवणीने करा. १७३५ साली पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या. बरोबर मोठा लवाजमा. वाट राजपुतान्यातून. उदयपूरला महाराण्यांनी त्यांचा मान केला, जयपूरला सवाई जयसिंगांनी त्यांचं आदरातिथ्य केलं. यात्रा सुखरूप झाली आणि १७३६ साली त्या पुण्याला परतल्या. त्याच १७३६ च्या मार्चमध्ये किशनगडजवळ बाजीराव आणि सवाई जयसिंग यांची भेट झाली. जयसिंग बादशहाचे मोठे सरदार होते, मराठे बादशहाचे शत्रू. तरी बोलणी झाली. शत्रूपक्षाच्या सेनापतीची आई घरच्या माणसासारखी पाहुणचार घेऊन गेली, असा तो काळ.

आता पंधरा वर्षं पुढे जाऊ.

सवाई जयसिंग १७४३ साली गेले. मोठा मुलगा ईश्वरीसिंग गादीवर बसला. पण जयसिंगांनी उदयपूरच्या राजकन्येशी लग्न करताना १७०८ साली एक करार केला होता, की तिला मुलगा झाला तर गादी त्याची. तो मुलगा माधोसिंग. उदयपूरचे महाराणे त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि दोन्ही भावांनी मराठ्यांकडे मदत मागितली. दोघेही पैसे द्यायला तयार. शिंद्यांचा कल सुरुवातीला ईश्वरीसिंगाकडे होता, मल्हारराव होळकर माधोसिंगाकडे झुकले. मार्च १७४७ मध्ये राजमहलला बनास नदीकाठी ईश्वरीसिंगाच्या फौजेने माधोसिंगाच्या बाजूचा पराभव केला. त्या विजयाची आठवण म्हणून ही ईसरलाट उभी राहिली.

विजय टिकला नाही. पुढच्याच वर्षी बगरूची लढाई झाली. ती आपण तिसऱ्या दिवशी बघणार आहोत. ईश्वरीसिंगाला पैसे आणि मुलूख कबूल करावा लागला. कबूल केलेले पैसे देणं मात्र त्याच्या हातात नव्हतं. खजिना रिकामा, दरबारात फाटाफूट. मराठ्यांशी व्यवहार सांभाळणारा केशवदास नावाचा अनुभवी दिवाण होता, त्यालाही ईश्वरीसिंगाने विष प्यायला लावलं. इकडे पुण्यात पेशव्यांवर कर्जाचा डोंगर, सरदारांवर वसुलीचा तगादा. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव थकबाकीसाठी जयपूरच्या दिशेने चालून आले. तिशीही न गाठलेल्या ईश्वरीसिंगाने विष घेऊन जीव दिला. त्याच्या काही राण्यांनीही तोच मार्ग धरला. जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत, ईश्वरीसिंगाची तिथे नाही, ती जयनिवास बागेच्या बाजूला वेगळी आहे. सकाळी बागेत जाल तेव्हा ती शोधा.

माधोसिंग गादीवर आला, मराठ्यांच्याच जोरावर. जयाप्पा शिंदेही येऊन पोचले होते. नव्या राजाकडे मोठी रक्कम आणि मुलुखाचा हिस्सा मागितला गेला. शहरातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर काय होतं? त्यांचा राजा विष पिऊन गेला, आणि ज्यांच्या धाकाने गेला ते तटाबाहेर तळ देऊन बसले आहेत.

अशा वेळी १० जानेवारी १७५१ रोजी हजारो मराठे शहरात गेले. लढायला नव्हे. नवं आखीव शहर, सरळ रस्ते, देवळं, बाजार यांची कीर्ती ऐकली होती. कोणी दर्शनाला गेलं, कोणी खरेदीला, कोणी नुसतं बघायला. शिपाई होते, कारकून होते, ब्राह्मण होते, बायका-मुलंही होती. भर दुपारी शहर उठलं. वेशी बंद झाल्या. रात्रीपर्यंत कत्तल चालली. काहींनी तटावरून उड्या टाकल्या. सुमारे तीन हजार मारले गेले आणि हजारभर जखमी झाले, असा हिशेब त्या काळच्या लिखाणातून मिळतो. माधोसिंगाने हात झटकले, भरपाई देऊन प्रकरण मिटवलं. पण मनं मिटली नाहीत. बरोबर दहा वर्षं आणि चार दिवसांनी, १४ जानेवारी १७६१ ला, आपण पानिपतावर उभे होतो आणि राजपूत राजे बाजूला बसून बघत होते. "ते का आले नाहीत?" असं आपण दरवर्षी विचारतो. त्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्रिपोलिया बाजारात आहे.

मी सैनिक आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. निःशस्त्र माणसांना, बायका-मुलांना वेशी बंद करून मारणं याला कुठल्याही बाजूने समर्थन नाही. आणि तेवढंच स्पष्ट दुसरंही सांगतो. ज्या शहराच्या राजाला तुम्ही वसुलीसाठी मरणाच्या दारात नेलंत, त्याच शहरात महिनाभराने सहलीला जाताना लोकांच्या मनाचा अंदाज घेणं हे सेनापतीचं काम होतं. तळावरच्या कारकुनाला तो अंदाज कसा असणार? सेनापतींना असायला हवा होता. आपली माणसं मोकळी सोडण्याआधी शहराचा कानोसा घ्यावा, निदान बायका-मुलांना तळावर ठेवावं, एवढी काळजी घेतली गेली नाही. राधाबाईंना जी वाट सुखरूप मिळाली, ती पंधरा वर्षांत कशी हरवली, याचा हिशेब मला पानिपतातल्या तोफांच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तिसरा दिवस बगरूचा. अजमेर रस्त्याने जयपूरपासून तीसेक किलोमीटर. ऑगस्ट १७४८ मध्ये इथे मल्हारराव होळकर आणि माधोसिंग एका बाजूला, ईश्वरीसिंग आणि भरतपूरचे सूरजमल जाट दुसऱ्या बाजूला. पावसाचे दिवस, चिखल. सहाएक दिवस झुंज चालली. गंगाधर तात्यांनी वळसा घालून जयपूरच्या पिछाडीवर हल्ला केला, सूरजमलांनी तो मोठ्या शौर्याने परतवला. त्या लढाईत सूरजमलांचं नाव झालं. पण निकाल तलवारीने लागला नाही. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाने रसद तोडली, आणि ईश्वरीसिंग बगरूत कोंडला गेला. मुलांना सांगा, फौज पोटावर चालते, सहलही पोटावर चालते. पाणी आणि खाणं गाडीत भरूनच निघा.

बगरूला मैदानावर पाटी शोधत बसू नका. जमीन बघा. सपाट, उघडी, घोडदळाला सोयीची. मग छिप्यांच्या मोहल्ल्यात जा. सांगानेरची छपाई पांढऱ्यावर, बगरूची मातीच्या रंगावर. चिखलाचा लेप देऊन कापडाचा काही भाग झाकतात आणि नीळ चढवतात, त्याला दाबू म्हणतात. कापड उन्हात पसरून वाळवतात, म्हणून पावसाळ्यात काम रोडावतं. सहल थंडीतच ठेवा.

चौथा दिवस तुंग्याचा. ज्यांच्याबरोबर फार लहान मुलं आहेत त्यांनी तो सोडला तरी चालेल. बस्सीच्या पुढे, जयपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर. २८ जुलै १७८७ ला महादजी शिंदे आणि जयपूरचे सवाई प्रतापसिंग, जोधपूरचे राठोड यांची इथे लढाई झाली. तिला लालसोटची लढाईही म्हणतात. राठोड घोडेस्वारांनी तोफांवर केलेली धाव पुढे कित्येक वर्षं सांगितली जात होती. निकाल त्या दिवशी कोणाचाच लागला नाही. पण महादजींच्या हिंदुस्थानी पलटणींचा पगार थकला होता, त्या तोफांसकट निघून गेल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. ती त्यांनी इतक्या शिस्तीत घेतली की फौज वाचली, आणि तीन वर्षांत पाटणच्या लढाईत, २० जून १७९० ला, त्यांच्या फौजेने बाजी उलटवली. नीट घेतलेली माघार हा पराभव नसतो, हे मुलांना सांगायला तुंगा चांगली जागा आहे. परत येताना हवामहलासमोर थांबा. तो १७९९ साली बांधणारा राजा म्हणजेच तुंग्याचा प्रतापसिंग. पुढच्याच वर्षी मालपुऱ्याला लखबादादांच्या फौजेने त्याला हरवलं. फोटोतल्या त्या नाजूक खिडक्यांमागे असा राजा होता.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, "आजोबा, आपण जिंकलो का?" त्यांना एका शब्दात उत्तर देऊ नका. बगरूला जिंकलो. त्या विजयातून वसुली निघाली, वसुलीतून एका राजाचं मरण, त्यातून कत्तल, आणि त्यातून पानिपतावरचा एकटेपणा. आठ-दहा वर्षांच्या मुलालाही हे कळतं. कत्तलीचं वर्णन लहानांना नको, कारण मात्र सांगा. आणि ज्या दुकानदाराकडून रजई घेताय, ज्या गाईडशी बोलताय, त्याच्याशी या विषयावर वाद घालू नका. त्याच्या घरी हीच गोष्ट ईश्वरीसिंगाच्या बाजूने सांगितली जाते. ती ऐकून घ्या.

शेवटी हिशेब. चार दिवस, रोज एकच दिशा, दिवसाला तीनपेक्षा जास्त ठिकाणं नकोत, अंधार पडायच्या आत मुक्कामी. एक दुपार राखीव ठेवा, कोणाचं पोट बिघडलं तर ती उपयोगी पडते, नाही बिघडलं तर आमेरला जा. मिर्झाराजे जयसिंगांचं ते घर, ज्यांच्याशी शिवरायांनी १६६५ साली पुरंदरचा तह केला. त्या घराण्याशी आपलं नातं तिथपासूनचं आहे. आमेर आणि पुरंदर यांची गोष्ट मोठी आहे, ती पुढच्या भागात. जय हिंद, जय महाराष्ट्र.