दोन इंच खोल पेरलेला गहू

७ ऑगस्ट २०२५ रोजी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरली, स्मरणार्थ नाणे आणि टपाल तिकीट निघाले, आणि आदल्या वर्षी मरणोत्तर मिळालेल्या भारतरत्नाचा उल्लेख पुन्हा सर्वत्र झाला. अशा प्रसंगी हरितक्रांतीची कथा विजयाच्या भाषेत सांगितली जाते. वस्तुतः तिचा आरंभ एका फसलेल्या प्रयोगातून आणि मदत मागणाऱ्या एका पत्रातून झाला, आणि ती कथा विजयकथेहून अधिक बोधक नसली तरी अधिक खरी निश्चितच आहे.

केंब्रिजची डॉक्टरेट आणि विस्कॉन्सिनमधील संशोधनाचा अनुभव घेऊन स्वामिनाथन १९५४ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. त्या काळच्या भारतीय गव्हाची अडचण साधी, परंतु हट्टी होती. झाड उंच, छातीपर्यंत येणारे, काड नाजूक. शेतात नत्र वाढवले की ओंबी भरे, ओंबी भरली की काडाला भार पेलवेना, आणि पाऊस किंवा वारा येताच सारे पीक लोळे. म्हणजे खत घातल्याने उत्पन्न वाढण्याऐवजी कधी कधी घटत असे. हेक्टरी उत्पन्न टनाच्याही आत रखडलेले होते. उपाय उघड होता: झाडाची उंची कमी करायची. स्वामिनाथन यांनी त्यासाठी आपल्या हातातील सर्वांत आधुनिक साधन वापरले. गव्हाच्या बियाण्यावर किरणांचा मारा करून त्यांनी उत्परिवर्तने घडवून आणली. काड आखूड झाले, ताठही झाले. पण त्याबरोबर ओंबीही आखूड झाली. बुटके झाड आणि भरगच्च ओंबी असा मेळ काही केल्या जुळेना.

ज्या संस्थेत हे घडत होते, तिच्या अंगणात गव्हाचा अभिमान बाळगण्यास पुष्कळ जागा होती. १९०५ पासून अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने बिहारमधील पुसा येथे भारतीय गव्हावर काम सुरू केले होते. १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला आली, तरी ‘पुसा’ हे नाव तिला चिकटून राहिले. पुढे डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी तांबेऱ्याच्या तिन्ही प्रकारांना दाद न देणारा ‘एनपी ८०९’ हा वाण १९५४ साली दिला. पाल हे त्या वेळी संस्थेचे संचालक होते. (गुलाबांच्या नव्या जाती निर्माण करण्याचा त्यांचा छंद गव्हाइतकाच प्रसिद्ध आहे.) अशा घरात राहून ‘आपल्याला हे जमत नाही, ज्याला जमले आहे त्याला विचारू या’ असे म्हणणे वाटते तितके सोपे नव्हते. देश स्वतंत्र होऊन जेमतेम एक तप उलटले होते, आणि स्वयंपूर्णता हा तेव्हा केवळ धोरणाचा नव्हे, स्वाभिमानाचा शब्द होता.

१९६० च्या सुमारास स्वामिनाथन यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात काम करणारे ऑरव्हिल व्होगेल यांना पत्र लिहिले आणि त्यांच्या बुटक्या गव्हाचे बी मागितले. व्होगेल यांचा ‘गेन्स’ हा वाण तेव्हा विक्रमी उत्पन्नासाठी नावाजला जात होता. मागणारा आपल्या कीर्तीवर विसंबून आला असता असा गृहस्थ ते बी पाठवून मोकळा झाला असता. व्होगेल यांनी बी देण्याची तयारी तर दाखवलीच, पण त्यासोबत स्पष्टपणे कळवले की आपला गहू हिवाळी आहे, त्याला ओंबी धरण्यापूर्वी दीर्घ थंडी लागते, भारतात तो चालेल असे वाटत नाही. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी हेच बुटकेपण वसंतऋतूतील गव्हात उतरवले आहे, त्यांना लिहावे. विज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या तारखा जपल्या जातात. ‘माझ्याकडे नाही, त्याच्याकडे जा’ या उत्तरांची नोंद क्वचितच होते.

गंमत अशी की ते बुटकेपण व्होगेल यांचेही स्वतःचे नव्हते. जपानमधील इवाते प्रांतात गोंजिरो इनाझुका यांनी सिद्ध केलेला ‘नोरिन १०’ हा वाण १९३५ साली प्रसृत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, एस. सी. सॅल्मन या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाने त्याचे बी मायदेशी पाठवले आणि व्होगेल यांनी ते संकरासाठी वापरले. पुढे बोरलॉग यांनी व्होगेल यांच्याकडूनच ते मागून घेतले. आणि ‘नोरिन १०’ चे कुळ शोधत गेले तर त्यात जपानी ‘दारुमा’ बरोबर अमेरिकेतून जपानात गेलेले ‘फुल्ट्झ’ आणि ‘टर्की रेड’ सापडतात. त्यातील ‘टर्की रेड’ हा क्रिमियाच्या बाजूने आलेल्या स्थलांतरितांबरोबर अमेरिकेच्या कॅन्सास राज्यात पोहोचलेला. एवढ्या उसनवारीनंतर या गव्हावर कोणा एका देशाचे नाव लिहिणे कठीणच.

बोरलॉग यांना भारतात बोलावण्याची विनंती स्वामिनाथन यांनी पाल यांच्याकडे केली आणि पाल यांनी ती पुढे पाठवली. या साध्या कार्यालयीन कृतीकडे जरा थांबून पाहायला हवे. जो गहू येणार होता, तो पाल यांच्याच आयुष्यभराच्या वाणांना शेतातून हटवणार होता. अडथळा आणायला त्यांना एक कागद दाबून ठेवणे पुरेसे होते.

मार्च १९६३ मध्ये बोरलॉग आले आणि उत्तर भारतातील गव्हाची शेते त्यांनी फिरून पाहिली. त्यांच्या मेक्सिकोतील वाणांची एक विशेष सोय होती. वर्षातून दोन वेळा, दोन निरनिराळ्या अक्षांशांवर पेरून ते निवडले गेल्यामुळे दिवस लहान असो की मोठा, त्यांना फारसा फरक पडत नसे. त्याच वर्षाच्या रब्बीसाठी ‘सोनोरा ६३’, ‘सोनोरा ६४’, ‘मायो ६४’ आणि ‘लेर्मा रोहो ६४ ए’ या वाणांचे बियाणे मेक्सिकोहून आले आणि दिल्ली, लुधियाना, पंतनगर, कानपूर अशा ठिकाणी पेरले गेले.

येथून पुढचा भाग बियाण्याचा नसून सूचनांचा आहे, आणि तोच बहुधा थोडक्यात आटोपला जातो. उत्तर भारतातील शेतकरी गहू चार-पाच इंच खोल पेरत असे. त्यात अज्ञान मुळीच नव्हते. पावसाळ्याचा ओलावा जमिनीच्या वरच्या थरातून आधी उडतो आणि खाली टिकतो. देशी गव्हाचा कोंब तेवढ्या खोलीतून सहज वर येतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने ठरलेली ही खोली होती. नव्या गव्हात मात्र जे जनुक काडाची उंची कमी करते, तेच कोंबाभोवतीचे नळीसारखे आवरणही आखूड ठेवते. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला पेशी पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झाडाचे सगळेच भाग जरा आखडतात. हे आवरण मातीतून वर येईपर्यंत आतल्या कोवळ्या पानाचे रक्षण करते. चार इंच खोल पेरले तर ते अर्ध्या वाटेत संपते, पान मातीतच दुमडते आणि रोप बाहेरचा उजेड पाहत नाही. म्हणून सूचना होती: दोन इंच, त्याहून खोल नाही.

पाण्याचेही तसेच. देशी गव्हाला पहिले पाणी साधारणपणे महिना-दीड महिना उलटल्यावर दिले जाई. बुटक्या गव्हाची मुकुटमुळे पेरणीनंतर सुमारे एकविसाव्या दिवशी फुटू लागतात आणि त्याच वेळी फुटव्यांची संख्या ठरते. ते पाणी चुकले तर नंतर कितीही पाळ्या दिल्या तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. नत्राची मात्राही पूर्वी ज्या प्रमाणाला पीक लोळले असते, त्याच्या दुप्पट-तिप्पट. थोडक्यात, आपल्या बापजाद्यांनी जे शिकवले त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी करा, असे शेतकऱ्याला सांगायचे होते; आणि सांगणारे होते सरकारी नोकर, ज्यांनी स्वतः कधी त्या शेताचे कर्ज फेडले नव्हते.

स्वामिनाथन यांचा आग्रह होता की प्रात्यक्षिके लहान आणि गरीब शेतकऱ्यांच्या जमिनीवर व्हावीत. श्रीमंताच्या शेतात पीक जोरात आले तर लोक ते पैशाला चिकटवतील, तंत्राला नाही. १९६४-६५ च्या रब्बीत ही राष्ट्रीय प्रात्यक्षिके सुरू झाली. दिल्लीजवळच्या जौंती गावाने ती मनावर घेतली आणि पुढे तेच गाव बियाण्याचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्यांनी सांगितलेली खोली आणि सांगितलेला दिवस पाळला, त्यांना हेक्टरी चार-पाच टन मिळाले. शेजारच्या बांधावर उभा राहून हे पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या वर्षी व्याख्यान द्यावे लागले नाही.

दिल्लीत मात्र व्याख्याने पुष्कळ द्यावी लागली. जून १९६४ मध्ये अन्न व कृषी खात्याची सूत्रे सी. सुब्रमण्यम यांच्याकडे आली. भौतिकशास्त्राचा हा पदवीधर मंत्री गव्हाविषयी आपल्याला काही कळत नाही हे उघड मान्य करून शास्त्रज्ञांना विचारत असे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रमुखपदी तोवर प्रशासकीय अधिकारी असत. १९६५ साली तेथे पाल आले, एक शास्त्रज्ञ. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि नियोजन आयोगातील अनेकांचा परदेशी बियाणे व खतांवरील खर्चाला विरोध होता, आणि तो सगळाच अहंकारातून आलेला नव्हता. परकीय चलन खरोखरच तुटपुंजे होते. पण १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे पाऊस रुसला. १९६६ साली एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले, त्यातले बरेचसे अमेरिकी मदतीचे, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ते जहाजागणिक हात आखडून सोडत होते. मदत मागण्याचे दोन प्रकार त्या वर्षी शेजारी शेजारी उभे होते: धान्य मागणे आणि बी मागणे.

१९६५ साली मेक्सिकोहून २५० टन बियाणे आले. गोदामात धुरी अधिक झाल्याने त्याची उगवण निम्म्यावर आली, तेव्हा बोरलॉग यांनी एकरी बियाण्याचे प्रमाण दुप्पट करण्यास कळवले. पुढल्या वर्षी १८,००० टन बियाणे मागवण्यात आले. एवढी मोठी बियाणे-खरेदी तोवर जगात झाली नव्हती. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतील आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवून तेथेही हाच गहू पेरला. त्या काळात याच खात्यात नगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे होते.

सूचना पाळणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे, हेही भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले. ‘लेर्मा रोहो’ चा दाणा नावाप्रमाणेच तांबडा. त्याची पोळी घराघरांत नापसंत झाली. दिल्ली, लुधियाना आणि इतर केंद्रांवर मेक्सिकोहून आलेल्या संकरांच्या पिढ्यांतून पिवळसर, टपोऱ्या दाण्याची झाडे निवडली गेली. त्यांतून ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ आले. महाराष्ट्रातील जुन्या गहू उत्पादकांनाही ही नावे अपरिचित नाहीत. आणि स्वामिनाथन यांची बाजूला ठेवलेली किरणे येथे पुन्हा कामी आली. ‘सोनोरा ६४’ वर तोच प्रयोग करून ‘शरबती सोनोरा’ हा पिवळसर दाण्याचा वाण मिळाला.

१९६४-६५ चे विक्रमी पीक सुमारे १ कोटी २० लाख टनांचे होते. १९६७-६८ च्या हंगामात ते सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. पोती ठेवायला जागा पुरेना, तेव्हा उत्तरेत काही ठिकाणी शाळा बंद करून वर्गांत गहू रचला गेला. जुलै १९६८ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ‘गहू क्रांती’ चे टपाल तिकीट निघाले.

त्याच वर्षाच्या जानेवारीत, म्हणजे हे पीक शेतात उभे असताना, वाराणसीच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये स्वामिनाथन यांनी आणखी काही सूचना दिल्या होत्या. जमिनीचा कस न राखता सघन शेती केली तर ती उजाड होईल. निचऱ्याची सोय न करता पाणी दिले तर माती खारवट होईल. कीटकनाशकांचा बेसुमार वापर अन्नात विष उतरवील. भूजल वाटेल तसे उपसले तर साठा संपेल. आणि शेकडो स्थानिक वाणांच्या जागी एक-दोनच वाण पेरले तर एखादा रोग सारे पीक घेऊन जाईल, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. दोन इंचांची आणि एकविसाव्या दिवसाची सूचना पंजाबने अक्षरशः पाळली. ही पाळली नाही. वीज फुकट मिळाली, हमीभाव गहू आणि भातालाच खऱ्या अर्थाने मिळाला, आणि पंजाबातील पाण्याची पातळी वर्षागणिक खाली गेली. याचा सगळा दोष शेतकऱ्यावर टाकण्याची रीत अन्यायकारक आहे. पहिल्या सूचनेबरोबर बियाणे, खत आणि भाव आले होते. दुसरीबरोबर काहीही आले नाही.

भात कापल्यावर गहू पेरण्याची घाई आणि त्यातून जाळले जाणारे भाताचे पाचट, हा आज उत्तर भारताचा दरवर्षीचा प्रश्न आहे. पाचट जमिनीवर तसेच ठेवून किंवा कोरड्या मातीत पेरायचे असेल तर बी खोल टाकावे लागते, आणि ‘नोरिन १०’ च्या वंशातील आखूड कोंब तेथे पुन्हा आडवा येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी काही वर्षांपूर्वी ‘आरएचटी १४’ आणि ‘आरएचटी १८’ या बुटकेपणाच्या दोन पर्यायी जनुकांचे गव्हाच्या ‘६ ए’ या गुणसूत्रावरील स्थान निश्चित केले आणि ती ओळखण्यासाठी डीएनएच्या खुणा तयार केल्या. ही जनुके काड आखूड ठेवतात, परंतु कोंबाचे आवरण लांब राहू देतात. त्यांचा उपयोग करून नवे वाण घडवण्याचे काम सुरू आहे. ते शेतात पोहोचले, तर पंजाबातील आजोबांची चार इंचांची पेरणी पुन्हा बरोबर ठरेल.