कागदाचा तुकडा आणि पायाचा अंगठा

कुष्ठरोग्यांच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून मी रुजू झालो आणि पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. पन्नाशीचे एक शेतकरी तपासणीला आले होते. त्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली माझी बोटं धरून मी म्हटलं, ''काका, दाबा बघू.'' त्यांनी चांगलं जोरात दाबलं. 'स्नायू उत्तम' असा शेरा कार्डावर मारून मी मोकळा झालो. सहा महिन्यांनी काका परत आले ते तळव्याला खोल जखम घेऊनच. पायाची बोटं पंजासारखी वाकली होती. संवेदना गेल्यामुळे जखम कधी झाली, याचा त्यांना पत्ताही नव्हता. मग मी त्या दिवशी मोजलं होतं तरी काय?

अंगठा खाली दाबणारे स्नायू दोन ठिकाणी असतात. मोठे स्नायू पोटरीत. त्यांच्या दोऱ्या घोट्यामागून बोटांच्या टोकापर्यंत येतात. छोटे स्नायू मात्र तळव्यातच, चार थरांत बसलेले. चालताना बोटं सरळ आणि जमिनीला टेकलेली ठेवायची, हे काम या छोट्यांचं. कुष्ठरोगात घोट्याच्या आतल्या बाजूची नस बिघडते. पोटरीला जाणाऱ्या फांद्या त्याआधीच, वरच फुटलेल्या असतात, म्हणून पोटरी शाबूत राहते. पण तळव्याची संवेदना आणि तिथले छोटे स्नायू दोन्ही जातात. मग पोटरी एकटीच बोटं ओढते, ती वाकतात आणि सगळा भार बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर येतो. तिथंच जखम होते. काकांनी दाबलं होतं ते पोटरीच्या जोरावर, आणि मी गुण दिले तळव्याला!

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, हे मला पुढे वाचनात कळलं. स्नायूंची ताकद पद्धतशीर मोजायला सुरुवात झाली ती पोलिओमुळे. अमेरिकेत बोस्टनला डॉ. रॉबर्ट लव्हेट हे अस्थितज्ज्ञ होते. त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी 1912 साली हातानं स्नायू तपासायची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे लव्हेट यांनी मार्टिन या शरीरशास्त्रज्ञाच्या साथीनं स्प्रिंगचा काटा लावून स्नायूंचा जोर मोजला. दुसऱ्या महायुद्धात नसांना इजा झालेले सैनिक मोठ्या संख्येनं आले. 1943 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं शून्य ते पाच अशी श्रेणी छापली. ती आजही आम्ही वापरतो. स्वतःच्या वजनाविरुद्ध अवयव उचलता आला तर तीन, वर आपला विरोधही थोडाफार पेलला तर चार.

मांडीला हे माप उत्तम लागू पडतं. पण पायाच्या बोटाचं वजन ते किती? ते उचललं काय न उचललं काय, फरक कळतच नाही. शिवाय बोट हललं, तर ते कुणाच्या जोरावर हललं हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न हाताच्या बाबतीत ओळखला डॉ. पॉल ब्रँड यांनी. ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक होते. 1947च्या सुमारास मद्रासजवळ चिंगलपुटच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला. हात निकामी दिसत होता, पण पकड एवढी घट्ट होती की ब्रँड यांनाच कळ आली. त्यांच्या लक्षात आलं, की तळहातातले छोटे स्नायू गेलेत, मात्र कोपराखालचे मोठे स्नायू शाबूत आहेत. त्याच शाबूत स्नायूंच्या दोऱ्या वळवून त्यांनी पुढे अनेकांचे हात कामाला लावले. जी घट्ट पकड त्यांना मार्ग दाखवून गेली, तसल्याच जोरानं मला मात्र चकवलं होतं.

पायासाठी सोपी युक्ती 2002 साली प्रसिद्ध झाली, तीही कुष्ठरोगाच्याच कामातून. तिला 'पेपर ग्रिप टेस्ट' म्हणतात. रुग्णाला खुर्चीवर बसवायचं, टाच जमिनीवर. अंगठ्याखाली व्हिजिटिंग कार्डाएवढा कागद ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबून धरायला सांगायचं. आपण कागद ओढायचा. सुटला, तर छोटे स्नायू दुबळे झाल्याची शंका घ्यायची. पोटरी इथंही थोडी मदत करतेच, म्हणून बोट वाकत नाही ना, हे मी डोळ्यांनी पाहतो. पुढच्या संशोधकांनी कागद ओढायला किती जोर लागतो तेही यंत्रानं मोजलं, कारण मधुमेहातही पायाची अशीच गत होते आणि म्हातारपणी पडण्याचा धोकाही या दुबळेपणाशी जोडलेला आहे.

काकांची जखम पुष्कळ दिवसांनी भरली. मऊ रबराच्या चपला घालून ते शेतात जाऊ लागले. पण दर खेपेला ''डॉक्टर, आता पाय कसा आहे?'' असं विचारायचे, तेव्हा मला तो कार्डावरचा शेरा आठवायचा. तेव्हापासून मी 'उत्तम' हा शब्द लिहिण्यापूर्वी खिशातून कागदाचा तुकडा काढतो.

(रेडिओवरील भाषणावरून संपादित)