पक्षी पाहुणा, शिकारी परका : टर्कीच्या परवान्यामागचा इतिहास

१/१३
कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात एप्रिलच्या अखेरीस रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. ओटावा नदीच्या पलीकडे क्यूबेक प्रांत. तिथला शिकारी कॅनडाचाच नागरिक असतो, तरी नदी ओलांडताच तो ‘अनिवासी’ ठरतो. त्याचा परवाना वेगळा आणि शुल्कही अधिक. एकाच देशात हा भेद का? उत्तर एका जुन्या प्रश्नात दडले आहे : रानातला प्राणी कोणाचा?

२/१३
आधी नियम पाहू. ज्याचे मुख्य घर ऑन्टारियोत आहे आणि अर्जापूर्वीच्या १२ महिन्यांत जो सलग ६ महिने तिथे राहिला आहे, तो रहिवासी. जन्मस्थान विचारले जात नाही. नागपूरहून जाऊन टोरांटोत स्थिरावलेला माणूस रहिवासी ठरतो. टोरांटोत जन्मून माँट्रियलला गेलेला ठरत नाही.

३/१३
या कल्पनेचे मूळ इंग्लंडमध्ये, किंबहुना इंग्लंडवरच्या रोषात आहे. १६७१च्या कायद्याने तिथे शिकारीचा हक्क जमीनदारांपुरता राखून ठेवला होता. वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन नसेल, तर सामान्य शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला ससाही मारता येत नसे. ही व्यवस्था १८३१मध्ये मोडली. अटलांटिक ओलांडून गेलेल्या वसाहतकारांना ती नकोच होती. रानातला प्राणी सरदाराचा नव्हे, सर्वांचा, ही धारणा तिकडे रुजली.

४/१३
पण ‘सर्व’ म्हणजे कोण? कॅनडाच्या १८६७च्या राज्यघटनेने सरकारी जमिनी आणि मालमत्तेचे विषय प्रांतांकडे सोपवले. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी १९१६मध्ये अमेरिकेशी करार झाला, म्हणून रानबदकांचा कायदा केंद्राचा. टर्की मात्र स्थलांतर करत नाही. ती जन्मते त्याच परिसरात मरते, म्हणून तिच्यावर सत्ता प्रांताची.

५/१३
सीमेच्या दक्षिणेला हाच प्रश्न न्यायालयात गेला. १८९६च्या ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : वन्यजीव ही राज्यातील जनतेची सामाईक मालमत्ता आहे आणि राज्य तिचे विश्वस्त आहे. त्यामुळे कायदेशीर मारलेले पक्षीही राज्याबाहेर नेण्यास राज्य मनाई करू शकते. बाहेरच्या शिकाऱ्यासाठी वेगळ्या नियमांना यातून भक्कम वैचारिक आधार मिळाला.

६/१३
विश्वस्त जागे झाले, तोवर तिजोरी रिकामी होत आली होती. दक्षिण ऑन्टारियोतील जंगले शेतीसाठी तोडली गेली. उरलेल्या झाडीत बंदुकांना धरबंध नव्हता. १९०९च्या सुमारास प्रांतातून रानटर्की नाहीशी झाली. कायद्याने जिच्यावर सत्ता सांगायची, ती टर्कीच उरली नाही.

७/१३
मग पैशाचा प्रश्न आला. अमेरिकेत १९३७मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरील करातून राज्यांना वन्यजीवांसाठी निधी मिळू लागला. अट अशी, की परवान्यांचे पैसे राज्याने दुसरीकडे वळवायचे नाहीत. निधीचा वाटा राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या यांवर ठरे. आता बाहेरचा शिकारी केवळ वाटेकरी राहिला नाही. तो जंगलाचा खर्च उचलणाराही झाला.

८/१३
त्याच्याकडून किती घ्यावे? मोंटाना राज्यात रहिवाशाला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. १९७८मध्ये ‘बाल्डविन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा भेद वैध ठरवला. बहुमताचे म्हणणे असे : दुसऱ्या राज्यात हौसेची शिकार करणे हा मूलभूत हक्क नव्हे.

९/१३
पुढच्याच वर्षी, १९७९मध्ये, त्याच न्यायालयाने ‘गीअर’मधील मालकीचा सिद्धांत रद्द केला. पाया निघाला, इमारत मात्र उभी राहिली. परक्यांच्या मर्यादेवर न्यायालयात पुन्हा आक्षेप येऊ लागले, तेव्हा २००५मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच करून टाकला : रहिवासी आणि अनिवासी शिकाऱ्यांत भेद करण्याचा अधिकार राज्यांचा आहे.

१०/१३
इकडे ऑन्टारियोत टर्की परत आणायची होती. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले. ते रानात तगले नाहीत. रानातलेच पक्षी पकडून आणणे हाच उपाय उरला, आणि ते होते सीमेपलीकडे. १९८४ ते १९८७ या काळात मिशिगन, मिसूरी, न्यूयॉर्क आदी राज्यांतून सुमारे २७४ पक्षी आले. मोबदला पैशांत नव्हता. १९८५ आणि १९८७मध्ये अल्गॉन्क्विन उद्यानातील ५९ मूस, म्हणजे हरणकुळातील सर्वांत मोठे प्राणी, हेलिकॉप्टरला टांगून जंगलाबाहेर काढले गेले आणि मिशिगनला पोहोचले.

११/१३
१९८७मध्ये ऑन्टारियोत पुन्हा टर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. वसंतात फक्त छातीवर ‘दाढी’ असलेला पक्षी, म्हणजे बहुधा नर, मारण्याची परवानगी. घरट्यावरच्या माद्या वाचाव्यात हा हेतू. २००७पर्यंत संख्या ७० हजारांच्या पुढे गेली. विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे : ज्या पक्ष्यासाठी आज बाहेरच्याला वेगळा परवाना लागतो, त्याचे पूर्वज स्वतःच बाहेरून आले होते.

१२/१३
आणि ज्यांच्या भूमीवरून या सीमा नंतर आखल्या गेल्या, त्यांचे काय? २०१०मध्ये रिचर्ड डेसॉटेल या सिनिक्स्ट वंशाच्या, वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाने ब्रिटिश कोलंबियात एका एल्कची शिकार केली. आरोप दोन : परवाना नाही आणि रहिवासीही नाही. त्याचा बचाव एकच : ही माझ्या पूर्वजांची शिकारभूमी आहे. सिनिक्स्टांची कॅनडातील नोंदणीकृत शाखा सरकारने १९५६मध्येच ‘नामशेष’ जाहीर केली होती.

१३/१३
२०२१मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने डेसॉटेलच्या बाजूने निकाल दिला. घटनेच्या कलम ३५चे संरक्षण देशाबाहेर राहणाऱ्या आदिवासी समूहालाही मिळू शकते, कारण त्यांचे पूर्वज युरोपीय येण्यापूर्वी याच भूमीवर नांदत होते. क्यूबेकच्या हौशी शिकाऱ्याला या निकालाचा लाभ नाही. त्याला नदी ओलांडताना वेगळा परवाना आजही काढावाच लागतो. पण ‘अनिवासी’ या एका शब्दाने सगळ्यांना मोजता येत नाही, हे त्या एका एल्कने न्यायालयात सिद्ध केले.

(धागा समाप्त)