लंडनच्या मृत्युयाद्या व जॉन ग्रॉन्ट

चुकीची नोंद आढळतांच कागद बाजूस सारण्याची आम्हां संशोधकांस अंमळ घाईच असते. लंडनच्या व्यापारी जॉन ग्रॉन्टनें तसें केलें नाहीं. तेथील साप्ताहिक मृत्युयाद्यांत मरणाचीं कारणें प्रेत पाहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या सांगण्यावरून लिहीत. त्या चिरीमिरी घेत, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. प्लेग नोंदला कीं घरास टाळें, मग तो लपविला जाणारच! इ. स. १६२५ च्या प्लेगच्या सदरीं ३५,४१७ मृत्यु आहेत. परंतु त्याच वर्षीं इतर सदरेंहि एकाएकीं फुगलेलीं. हा जादा भरणा लपविलेल्या प्लेगचाच, आणि खरी संख्या नोंदीहून सुमारें चतुर्थांशानें अधिक, असें अनुमान त्यानें १६६२ च्या ग्रंथांत मांडलें. नेहमीच्या मृत्युसंख्येहून आधिक्य मोजण्याची हीच रीत २०२० च्या कोविड-सांथींतहि देशोदेशीं योजिली गेली.